गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, तेच वेबसाइटवर लिहा

मुंबईतल्या बहुतेक छोट्या धंद्यांच्या वेबसाइटला चारच पानं असतात: होम, आमच्याविषयी, सेवा आणि संपर्क. ही पानं लागतातच, पण गूगलवरून त्यांवर येणारा माणूस बहुधा तुमचं नाव आधीपासून जाणणारा असतो. कुणी तुमचं कार्ड दिलेलं असतं किंवा टेम्पोवरची पाटी वाचलेली असते, आणि आता त्याला फक्त नंबर हवा असतो. ज्याला तुमचं नावच ठाऊक नाही, तो ते टाइप कसं करणार? तो स्वतःची अडचण टाइप करतो. ‘वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी गळतंय खर्च कोणी करायचा.’ ‘दिवाळी फराळ अमेरिकेला पाठवायला किती दिवस लागतात.’ या प्रश्नाचं सरळ, खरं आणि पूर्ण उत्तर तुमच्या वेबसाइटवर एका स्वतंत्र पानावर असेल, तर अनोळखी माणूस तुमच्यापर्यंत पोहोचतो आणि पोहोचतानाच त्याचा तुमच्यावर थोडा विश्वास बसलेला असतो.

म्हणून लेख कशावर लिहायचे हा प्रश्न खरं तर सुटलेलाच आहे. रोज फोनवर जे सांगून तोंड दुखतं, तेच लिहायचं. पुढे वॉटरप्रूफिंगच्या कामाचं उदाहरण जास्त येईल, कारण मुंबईत गळतीचा प्रश्न नाही अशी सोसायटी शोधावी लागेल. पण केटरिंग असो, क्लासेस असोत की एसी दुरुस्ती, पद्धत तीच.

विषय गोळा करणं

फोनजवळ एक वही ठेवा. दोन-तीन आठवडे प्रत्येक चौकशीतला पहिला प्रश्न गिऱ्हाइकाच्या शब्दांत, जसाच्या तसा उतरवा. तो ‘स्लॅबमधून पाणी झिरपतंय’ म्हणाला असेल तर ‘आरसीसी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग’ असं सुधारून लिहू नका, कारण गूगलवरही तो ‘झिरपतंय’च लिहिणार आहे. व्हॉट्सअॅपवर आधीच्या चौकश्या पडून असतात. तिथे ‘किती’, ‘खर्च’, ‘गॅरंटी’, ‘किती दिवस’ असे शब्द शोधले की महिन्याभराचे विषय तासाभरात निघतात. साइटवर जाणाऱ्या मुकादमाला किंवा काउंटरवरच्या मुलीलाही विचारा. मालकाला जे प्रश्न कुणी विचारायला धजत नाही, ते त्यांना विचारले जातात.

प्रश्न जमले की त्यांत चार जाती दिसतील: पैशाचे प्रश्न, ‘हे बरं की ते’ असे तुलनेचे प्रश्न, काहीतरी बिघडल्याचे प्रश्न आणि नियमांचे प्रश्न. सुरुवात पैशाच्या आणि बिघाडाच्या प्रश्नांनी करावी. ज्याच्या छतातून थेंब पडतोय त्याला आज माणूस हवा आहे. ‘वॉटरप्रूफिंगचे प्रकार’ वाचणारा विद्यार्थीही असू शकतो.

आता प्रत्येक प्रश्न गूगलवर तपासा. ब्राउझरची खासगी विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो. प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द टाइप करून थांबा आणि खाली काय सुचवलं जातं ते लिहून घ्या. निकालांच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ असा भाग येतो, तोही उतरवा. गूगल अॅड्सचं खातं काढलं की कीवर्ड प्लॅनर (लोक कोणते शब्द किती शोधतात हे दाखवणारं साधन) वापरता येतो. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर आकडे ढोबळ टप्प्यांत दिसतात, पण कोणता शब्द जास्त चालतो एवढं त्यातून कळतं. मराठी शब्दांना तिथे पुष्कळदा काहीच आकडा दिसत नाही. तेवढ्यावरून विषय सोडू नका. वहीत तो प्रश्न पाच वेळा आला असेल तर वहीचं ऐका.

निकालाचं पहिलं पान नीट पाहणं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. ‘वॉटरप्रूफिंग मुंबई’ टाकल्यावर जस्टडायलसारख्या मोठ्या याद्या आणि रंग-सिमेंटच्या बड्या कंपन्याच दिसत असतील, तर त्या शब्दासाठी लेख लिहून छोट्या ठेकेदाराच्या हाती फारसं काही लागत नाही. वर नकाशा आणि तीन दुकानं दिसत असतील, तर ती लढाई लेखाची नाही, गूगल बिझनेस प्रोफाइलची (नकाशावर दिसणाऱ्या तुमच्या धंद्याच्या नोंदीची) आहे. पण लांबलचक, नेमका प्रश्न टाकल्यावर पहिल्या पानावर अर्धवट उत्तरं, परदेशातल्या घरांविषयीचे लेख किंवा जुन्या चर्चा दिसल्या, तर तिथे तुमच्यासाठी जागा मोकळी आहे. लिहायचं ते अशा प्रश्नांवर.

भाषा आणि लिपी

मुंबईचं गिऱ्हाईक एकाच दिवसात इंग्रजीत टाइप करतं, रोमन लिपीत मराठी टाइप करतं आणि माइक दाबून हिंदीत बोलतं. सगळ्यांना एकाच पानावर बसवण्यासाठी अर्धा परिच्छेद मराठी आणि अर्धा इंग्रजी असं करू नका. पानाची भाषा कोणती हे गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. सरमिसळ केली की त्याचाही गोंधळ होतो आणि वाचणाऱ्याचाही. मराठी पान वेगळं, इंग्रजी पान वेगळं, दोघांचे पत्ते वेगळे आणि एकमेकांकडे जाणारी लिंक. दोन्ही जमत नसतील तर ज्या भाषेत तुम्हाला जास्त फोन येतात ती आधी घ्या. मुलुंड, डोंबिवली, गिरगाव, दादर या भागांतल्या घरगुती कामांसाठी मराठी पानाला आमचा कौल आहे, कारण चांगल्या मराठी पानांची स्पर्धा अजून फार कमी आहे.

शब्द बोलण्यातले हवेत. ‘जलरोधक प्रक्रिया’ कुणी शोधत नाही. ‘वॉटरप्रूफिंग’ आणि ‘गळती’ शोधतात, ‘लीकेज’ही शोधतात. हे तिन्ही शब्द लेखात सहज येतील तिथे येऊ द्या, पण प्रत्येक ओळीत कोंबू नका. शब्द कोंबून वर जाण्याचे दिवस केव्हाच संपले. कीवर्ड्सचा जो छुपा टॅग काही वेब डिझायनर आजही भरून देतात, तो शोधक्रमासाठी आपण वापरतच नाही असं गूगलने २००९ साली जाहीर केलं आहे. त्या कामाचे वेगळे पैसे देऊ नका.

मराठीत एक खास घोळ होतो. छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे पत्रक बनवलेलं असतं, तिथला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो, आणि तोच उचलून वेबसाइटवर चिकटवला जातो. तुमच्या संगणकावर तो फाँट असल्यामुळे अक्षरं बरोबर दिसतात, पण आत साठलेली असतात भलतीच रोमन चिन्हं. गूगलला तो मजकूर म्हणजे कचरा. मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर सारखी दिसणारी अक्षरं) हवा. तपासणं सोपं आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर ठीक, वेडीवाकडी चिन्हं दिसली तर युनिकोड कन्व्हर्टरमधून पुन्हा काढा आणि जोडाक्षरं व रफार हाताने तपासा, कारण रूपांतरात तेच जास्त बिघडतात. पत्रकाचा फोटो टाकणं हाही उपाय नाही. फोटोतल्या अक्षरांवर विसंबून पान वर येत नाही.

पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवावा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तो कॉपी केला की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ-नऊ चिन्हांत फुटते. ‘पाणी’ एवढ्या शब्दाची ३६ चिन्हं होतात. असा पत्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर चार ओळींची ती लिंक पाहून निम्मे लोक ती फसवणूक समजतात.

एक पान जवळून

प्रश्न घेऊ: बाथरूमची गळती तोडफोड न करता थांबते का?

शीर्षकात प्रश्न जवळपास गिऱ्हाइकाच्याच शब्दांत हवा: ‘बाथरूमची गळती टाइल्स न तोडता थांबते का? खर्च, दिवस, सोसायटीचे नियम’. गूगल निकालात शीर्षक रुंदीनुसार कापतं, त्यामुळे महत्त्वाचं ते सुरुवातीला. कंपनीचं नाव शेवटी टाका. त्याखालचं दोन ओळींचं वर्णन शोधक्रम वाढवत नाही आणि गूगल ते बऱ्याचदा बदलतंही. तरी लिहा, कारण जेव्हा ते जसंच्या तसं दिसतं तेव्हा क्लिक करायचं की नाही हे लोक त्यावरूनच ठरवतात.

पहिल्या परिच्छेदात उत्तर देऊन टाका. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ किंवा ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी सुरुवात नको. सरळ सांगा: गळती फक्त टाइल्सच्या सांध्यांतून असेल तर जुनं ग्राउट (सांध्यांतला भराव) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्याने ती न तोडता थांबते, खालचा वॉटरप्रूफिंगचा थरच गेला असेल तर तोडण्याला पर्याय नाही. एवढं वाचून कुणी निघून गेला तरी चालेल. ज्याला काम करून घ्यायचंय तो पुढे वाचतो.

पुढे गळती कुठून आहे हे घरबसल्या कसं ओळखायचं ते लिहा. बाथरूम वापरात नसतानाही थेंब सारखे पडत असतील तर संशय भिंतीतल्या प्रेशरच्या पाइपवर. फक्त अंघोळीनंतर तासाभरात पडत असतील तर नहाणी ट्रॅपभोवतीची (फरशीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या तोंडाभोवतीची) फट किंवा सांधे. ट्रॅप बुजवून बाथरूममध्ये २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवायची चाचणी कशी घ्यायची, किती उंचीपर्यंत पाणी भरायचं, खालच्यांना आधी कसं सांगायचं, हे सगळं द्या. ‘एवढं सांगितलं तर लोक स्वतःच करतील, आपल्याला कोण बोलावेल?’ ही भीती प्रत्येक धंद्यात ऐकू येते. प्रत्यक्षात चाचणी स्वतः करून पाहणारा माणूस काम करून घेण्याच्या जवळ आलेला असतो, आणि फोन करताना नेमकी माहिती देतो. तुमची एक फुकट साइट व्हिजिट वाचते.

खर्चाचा भाग लपवू नका. ‘दरासाठी संपर्क करा’ असं लिहिलेलं पान खर्च शोधणाऱ्याच्या काही कामाचं नाही. तो लगेच मागे जातो आणि दुसरं पान उघडतो. नक्की आकडा देता येत नसेल तर तुमच्या गेल्या वर्षभरातल्या कामांवरून किमान आणि कमाल द्या, आणि तो कशाने बदलतो ते सांगा: बाथरूमचं क्षेत्रफळ, कमोड काढावा लागतो का, टाइल्स कोण आणणार, लिफ्ट आहे का, डेब्रिजच्या गोण्या कितव्या मजल्यावरून उतरवायच्या, सोसायटी कामाला कोणत्या वेळा देते. शेवटच्या तीन गोष्टी मुंबईबाहेरच्या लेखांत सहसा सापडत नाहीत. तुमचं पान दुसऱ्या पानांपेक्षा वरचढ ठरतं ते अशा तपशिलांमुळे.

मग नियम. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, तर टॉयलेट, सिंक यांसारखी फ्लॅटच्या आतली गळती त्या सभासदाने. दोन शेजाऱ्यांचं भांडण जिथे अडतं ते हेच ठिकाण असल्यामुळे हा परिच्छेद लोक कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि सोबत तुमची लिंकही फिरते. मात्र कायद्याचं लिहिताना प्रत्येक सोसायटीने स्वीकारलेले उपविधी पाहायला सांगा आणि वाद असेल तर वकिलाकडे पाठवा.

शेवटी तुमच्या कामाचे फोटो, तारीख, लेख कुणी लिहिला आणि त्याला या कामाचा काय अनुभव आहे याच्या दोन ओळी. गॅरंटी देत असाल तर कशावर आणि कशावर नाही, तेही. फोन नंबर वर एकदा आणि खाली एकदा, बोट लावलं की लागेल असा.

किती शब्द? गूगलची अशी काही अट नाही. या प्रश्नाला हजारभर शब्द लागतात. ‘रविवारी काम करता का’ याला दोनशे पुरतात. लांबी भरण्यासाठी लिहिलेली वाक्यं वाचणाऱ्याला लगेच कळतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही निकालांच्या वर एआयने बनवलेला सारांश दिसू लागला आहे, त्यामुळे ‘वॉटरप्रूफिंग म्हणजे काय’ अशा सर्वसाधारण प्रश्नांचं उत्तर लोकांना तिथेच मिळतं. क्लिक मिळण्याची आशा उरते ती सारांशात न मावणाऱ्या गोष्टींमुळे: तुमचे दर, तुमचे फोटो, तुमच्या भागातल्या इमारतींची माहिती.

एआयचा मजकूर आणि एरियाची पानं

एआयकडून मुद्दे काढून घेणं, शुद्धलेखन तपासून घेणं यात वावगं काही नाही. पण शोधात वर येण्यासाठी ढिगाने मजकूर बनवून टाकणं, मग तो यंत्राने लिहो की माणसाने, हे गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात स्पष्ट घातलं आहे. शिवाय असा मजकूर मराठीत पटकन ओळखू येतो. वाचणाऱ्याला वाटतं, हे लिहिणाऱ्याने कधी बाथरूम फोडलेलंच नाही.

मुंबईत याहून जुनी खोड आहे ती एरियाच्या पानांची. ‘अंधेरीत वॉटरप्रूफिंग’, ‘बोरिवलीत वॉटरप्रूफिंग’, ‘मालाडमध्ये वॉटरप्रूफिंग’ अशी चर्चगेटपासून विरारपर्यंत स्टेशनागणिक पानं काढायची आणि आतला मजकूर तोच ठेवून नाव बदलायचं. याला गूगलच्या नियमांत डोअरवे म्हणतात आणि ते स्पॅम धरलं जातं. पानं यादीतून गळतात, कधी सगळ्या साइटला फटका बसतो. एखाद्या भागाचं पान काढायचंच असेल तर त्या भागाचं वेगळेपण तुमच्याकडे हवं. गिरगाव-लालबागच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळींत लाकडी तुळया आणि सामाईक संडास असतात, दुरुस्तीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा संबंध येऊ शकतो. पवईच्या टॉवरमध्ये प्रश्न बाहेरच्या काचेचा आणि खिडकीच्या चौकटीचा असतो. अशी खरी माहिती आणि तिथे केलेल्या कामाचे फोटो असतील तर तीन-चार पानंही चाळीस पानांना भारी पडतात.

नकाशावर दिसण्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा. तिथला क्रम जुळणी, अंतर आणि ख्याती यांवर ठरतो, असं गूगलच सांगतं. अंतर तुमच्या हातात नाही, म्हणून मुलुंडचं दुकान कुलाब्यातल्या माणसाला वर दिसावं ही अपेक्षा सोडून द्या. हातात आहे ती अचूक कॅटेगरी, खऱ्या वेळा (गणपतीतल्या आणि दिवाळीतल्या सुट्ट्यांसकट), आणि वेबसाइटवर, प्रोफाइलवर व इतर याद्यांवर अक्षरशः सारखं नाव, पत्ता, नंबर. रिव्ह्यू मागावेत, पण त्याबदल्यात सूट किंवा भेट देऊ नये, आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून मागू नयेत. दोन्ही नियमात बसत नाही. पूर्वी प्रोफाइलमधूनच फुकट वेबसाइट बनत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. कुणाच्या कार्डावर अजून तो पत्ता असेल तर कार्डं बदला.

वकील, डॉक्टर आणि सीए यांच्यावर जाहिरातीबाबत त्यांच्या परिषदांची बंधनं आहेत. त्यांनी माहितीपर लेख लिहितानाही आधी ते नियम वाचावेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांक पानावर ठळक द्यावा.

तांत्रिक बाजू

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जखाली ‘रीडिंग’ या भागात शोध इंजिनांना साइट दाखवू नका असं सांगणारी एक छोटी चौकट असते. साइट बनवताना डिझायनर ती टिक करून ठेवतो आणि काम संपल्यावर काढायला विसरतो. सहा महिने लिहूनही गूगलवर एक पान दिसत नसेल, तर सर्वांत आधी ही चौकट पाहा.

नंतर गूगल सर्च कन्सोल: तुमची पानं गूगलवर कशी दिसतात हे सांगणारं साधन, फुकट आहे. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक टीएक्सटी नोंद घालून मालकी सिद्ध करायची, साइटमॅपचा (साइटवरच्या पानांच्या यादीचा) पत्ता द्यायचा. नवं पान टाकलं की त्याचा पत्ता वरच्या चौकटीत घालून इंडेक्सिंगची (पान गूगलच्या यादीत घेण्याची) विनंती करा. एकदाच पुरे, रोज दाबून वेग वाढत नाही.

फोनवरचा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. असे सहा फोटो टाकले की लोकलमध्ये कसाबसा नेट मिळवणारा माणूस पान उघडायच्या आत सोडून देतो. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या स्वरूपात साठवा, फोटो १५० केबीच्या आसपास बसतो. स्क्वूश या फुकटच्या साधनाने हे ब्राउझरमध्येच होतं. फोटोच्या पर्यायी मजकुरात काय दिसतंय ते लिहा: ‘नहाणी ट्रॅपभोवती फुटलेलं ग्राउट’. पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर) पान मोबाइलसाठी तपासा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा ही चांगली पातळी. गूगल पानाची मोबाइलवरची आवृत्तीच धरतं, त्यामुळे लॅपटॉपवर सुंदर दिसण्याला फार अर्थ नाही.

पानाचा पत्ता एकदा ठरला की बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावा, नाहीतर कमावलेली जागा आणि फिरत असलेल्या सगळ्या लिंका वाया जातात. नवी साइट बनवून घेताना बहुतेकांचं नुकसान इथेच होतं.

डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट जिथे साठवलेली असते ती जागा), सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल ही चारही खाती तुमच्या स्वतःच्या ईमेलवर हवीत. एजन्सीला वापरकर्ता म्हणून जोडा, मालक म्हणून नाही. आणि ‘पहिल्या क्रमांकाची गॅरंटी’ देणाऱ्याला नम्रपणे दार दाखवा. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलं आहे.

केव्हा लिहायचं

बदल केल्यापासून परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असा गूगलचाच अंदाज आहे. त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर गळतीवर लिहिणं उशिराचं. मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, टेरेसचं काम कोरड्या पृष्ठभागावर एप्रिल-मेमध्ये करावं लागतं, म्हणजे टेरेसचा लेख नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरात हवा. बाथरूमची गळती बारमाही. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे ‘मोठ्या दुरुस्तीसाठी कोटेशनची तुलना कशी करावी’ हा लेख एप्रिल-मेमध्ये तयार असला तर सेक्रेटरी मंडळींच्या कामी येतो. परदेशी जाणाऱ्या फराळाचं पान मेमध्ये, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरचं मार्चमध्ये.

महिन्याला दोन पानं पुष्कळ झाली. एकच झालं तरी हरकत नाही, पण ते पूर्ण हवं. आठवड्याला तीन असा धडाका दोन महिने लावून मग वर्षभर साइट तशीच सोडून देणाऱ्यांपेक्षा महिन्याला एक पान सांभाळणारा पुढे जातो. नवं पान टाकलं की त्याच्याशी नातं असलेल्या दोन-तीन जुन्या पानांतून त्याला लिंक द्या, आणि ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘टेरेस वॉटरप्रूफिंगचा खर्च’ अशा शब्दांवर द्या. बाहेरच्या लिंका विकत घेऊ नका. सोसायटीच्या आर्किटेक्टने, टाइल्सच्या दुकानदाराने आपणहून दिली तर ती मोलाची.

काय मोजायचं

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात चार आकडे दिसतात: किती वेळा दिसलात, किती क्लिक, त्यांचं प्रमाण आणि सरासरी क्रमांक. मागच्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. रोज पाहू नका; २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा, आणि पावसाळी विषय असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

पान पुष्कळ वेळा दिसतंय, क्रमांकही पाच-सहाच्या आत आहे, पण क्लिक नाहीत? शीर्षक बदला. क्रमांक ८ ते २० मध्ये अडकलाय? त्या पानाला कोणत्या शोधांसाठी दाखवलं जातंय ती यादी उघडा. त्यात तुम्ही उत्तरच न दिलेले दोन-तीन प्रश्न सापडतात. ते पानात वाढवा. नवं पान लिहिण्यापेक्षा ही मेहनत बहुधा लवकर फळते. पान दिसतच नसेल तर ते इंडेक्स झालंय का ते तपासा.

क्लिक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. फोन आणि मेसेज मोजायचा स्वस्त उपाय असा: व्हॉट्सअॅपच्या क्लिक-टू-चॅट लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. प्रत्येक पानावर तो वेगळा ठेवा. बाथरूमच्या पानावर ‘बाथरूमच्या गळतीबद्दल विचारायचं आहे’, टेरेसच्या पानावर ‘टेरेसबद्दल विचारायचं आहे’. मेसेज आला की तो कोणत्या पानावरून आला हे वाचताक्षणी कळतं. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेसचं लेबल लावा, काम मिळालं की दुसरं. तीन महिन्यांनी कोणतं पान नुसती चौकशी आणतं आणि कोणतं काम, हे स्पष्ट होतं. लोक पुष्कळ येतात पण मेसेज करत नाहीत असं पान दिसलं तर बहुतेक वेळा दर नसतो, फोटो नसतात, किंवा तुम्ही त्यांच्या भागात येता की नाही हे लिहिलेलं नसतं.

वर्षातून दोनदा जुनी पानं चाळा. दर बदलले असतील तर बदला आणि खालची तारीख तेव्हाच पुढे करा. मजकूर न बदलता नुसती तारीख बदलू नका. एकाच प्रश्नावर दोन पानं झाली असतील तर ती एकमेकांना खाली ओढतात. त्यांतलं जास्त क्लिक मिळणारं ठेवा, दुसऱ्यातला चांगला भाग त्यात घाला आणि दुसऱ्याचा पत्ता पहिल्यावर वळवा. तुम्ही आता करत नाही अशा कामाचं पान असेल तर ते काढून टाका, म्हणजे त्या कामासाठी येणारे फोन थांबतील.